सांगलीची पेठ वरच्या मजल्यापासून रिकामी झाली

प्रश्न असा आलाय की कापडपेठेत आजोबांच्या वेळचं दुकान आहे, वरचे दोन मजले कुलूपबंद, 2019 ला पाणी आत आलं, 2021 ला परत आलं, आता वडील म्हणतायत विकून टाकू आणि शंभर फुटी रोडला गाळा घेऊ. तुम्हाला जाणून घ्यायचंय की ही पेठ परत उभी राहणार आहे का, की आपण नुसतं जीव अडकलाय म्हणून थांबलोय. मी आर्किटेक्ट आहे, गावभाग, खणभाग, गणपती पेठ, हरभट रोड या भागातल्या जुन्या इमारतींची दुरुस्ती हेच बरीच वर्षं माझं मुख्य काम आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा आणि वडिलांनाही वाचून दाखवा.

आधी उत्तर सांगतो. पेठ उभी राहू शकते, पण वरच्या मजल्यांवर परत माणसं राहायला आली तरच. आपल्याकडं सगळी चर्चा खालच्या दुकानांची चालते, ऑनलाइननं खाल्लं, मॉलनं खाल्लं, पार्किंग नाही, रस्ता अरुंद. हे सगळं खरंच आहे, पण माझ्या डोळ्यादेखत जे झालं ते वेगळ्या क्रमानं झालं. आधी वरचं बिऱ्हाड गेलं, मग संध्याकाळ गेली, मग गिऱ्हाईक गेलं.

चिंतामणराव पटवर्धनांनी 1801 च्या सुमाराला मिरजेपासून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली, गणेशदुर्ग झाला, गणपतीचं मंदिर झालं, आणि त्या दोन्हींच्या आजूबाजूला व्यापारी वसले. त्यातली प्रत्येक मिळकत बघितली तर साधारण एकच पद्धत आहे. रस्त्याला तोंड दहाबारा फुटांचं, खोली त्याच्या पाचसहा पट, पुढं दुकान, मागं कोठार, परसात आड, आणि वर मालकाचं घर. कापडवाला, सराफ, अडत्या, सगळे आपल्याच दुकानाच्या डोक्यावर राहायचे. त्यामुळं पेठेत फक्त कापड आणि सोनं विकलं जात नव्हतं, तिथंच दूधवाला होता, पिठाची गिरणी होती, लाँड्री होती, डॉक्टर होता, रात्री साडेनऊला पानाच्या ठेल्यावर चार माणसं उभी असायची. बाहेरगावचं गिऱ्हाईक जिथं आधीच माणसं दिसतात तिथंच जास्त वेळ रेंगाळतं, आणि ती माणसं वरच्या मजल्यावरून खाली आलेली असायची.

मग एकेक गोष्ट बाहेर गेली. घाऊक माल, हळद, गूळ हे मार्केट यार्डात गेलं, आणि ते जायलाच पाहिजे होतं, गणपती पेठेत ट्रक उभा करून पोती उतरवणं पुढं शक्यच नव्हतं. फळांचा लिलाव कोल्हापूर रोडला गेला. रेल्वे तर फार आधीच गेली, स्टेशन चौकात आज स्टेशन नाही. अलीकडचा सगळ्यात मोठा धक्का मात्र कलेक्टर ऑफिस आणि कोर्ट विजयनगरला गेलं तो होता. ही ऑफिसं राजवाड्याच्या आवारात होती तोवर तिथं रोज जिल्हाभरातून माणसं यायची, जत, आटपाडी, शिराळा, कवठेमहांकाळ. तारीख असायची, दाखला काढायचा असायचा, आणि काम झालं की दुपारी तीच माणसं पायी पेठेत यायची, बायकोला साडी, पोराला चप्पल, घरी भडंग, आणि मग एसटी. वकील, टायपिस्ट, स्टॅम्प व्हेंडर, झेरॉक्सवाले, खानावळी यांच्यासकट तो सगळा ओघ एका झटक्यात चारपाच किलोमीटर पलीकडं गेला. नवीन इमारती गरजेच्या होत्या याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण रिकाम्या झालेल्या जागेत रोज माणूस येईल असं काय आणायचं याचा विचार त्याच वेळी व्हायला पाहिजे होता. नोटाबंदी, जीएसटी, कोरोना हे पुढचे धक्के, ते सगळ्यांनाच बसले, शंभर फुटीलाही बसले.

आता वरच्या मजल्याचं. तुमच्या दुकानात जाऊन एक गोष्ट बघा, वर जायचा जिना कुठून आहे? माझा अंदाज आहे की तो दुकानाच्या आतून आहे, काउंटरच्या मागं, आणि त्याच्या पायऱ्यांवर खोके रचलेत. पेठेतल्या कितीतरी इमारतींत हेच आहे. मूळ जिना दर्शनी बाजूला होता, दुकानाशेजारी एक अरुंद दार, आत गेलं की सरळ वर. पुढं जागेला भाव आला, तीन फुटांचं ते दार शोकेससाठी हवंसं वाटलं, मालक वर राहतच होता, त्याचं काही अडत नव्हतं, म्हणून जिना आत घेतला. पुढच्या पिढीनं विश्रामबागला बंगला बांधला आणि वरचा मजला रिकामा झाला. आता तो कुणाला भाड्यानं द्यायचा म्हटलं तर देणार कसा? रात्री शटर पडलं की वरचा माणूस आत कोंडला. सकाळी मालक दहाला येईपर्यंत त्यानं करायचं काय? म्हणून तो मजला गोडाऊन होतो, गोडाऊनमध्ये कोण दिवे लावत नाही, खिडक्या बंद, पत्रा गळतो, तुळईला वाळवी लागते, आणि पाचदहा वर्षांत पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. मी जेवढ्या पडायला आलेल्या इमारती बघितल्या त्यातल्या बहुतेकांचं दुखणं जिन्यापासून सुरू झालेलं होतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला ते कळतच नाही कारण खाली एलईडी बोर्ड झगमगत असतो.

उलट बाजूनं बघायचं असेल तर सराफ कट्ट्यावर जा. तिथं बऱ्याच ठिकाणी वर कारागीर काम करतात, बंगाली पोरं आहेत, वरच राहतात, वरच जेवण करतात. म्हणून तिथं चहाच्या गाड्याला, मेसला, किराणा दुकानाला उशिरापर्यंत गिऱ्हाईक असतं. त्यांची राहायची सोय फार वाईट असते, हवा नाही, आगीची भीती आहे, ते सुधारायलाच पाहिजे. पण त्या गल्लीत रात्री जी जाग असते ती वर माणसं आहेत म्हणूनच.

मग रिकामे मजले लोक भाड्यानं का देत नाहीत? दोन कारणं मी रोज ऐकतो. एक म्हणजे भीती, एकदा ठेवला की तो निघायचा नाही. ही भीती जुन्या अनुभवातून आलीय, खाली शेपाचशे रुपये भाड्यावर बसलेले जुने भाडेकरू आहेत, कायद्यानं वर्षाला 4 टक्केच वाढ मिळते, आणि दुरुस्तीची जबाबदारी मालकावर. एवढ्या भाड्यात कौलंसुद्धा फिरवून होत नाहीत, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू सोडत नाही, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि इमारत मरते. पण नवीन माणसाला लिव्ह अँड लायसन्सनं ठेवलं, करार लेखी केला आणि रजिस्टर केला, तर त्याला भाडेकरूचे हक्क लागत नाहीत, हे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यातच आहे. लोक वीस वर्षांपूर्वीच्या भीतीवर आजचा मजला बंद ठेवतायत. जुन्या भाडेकरूशी मात्र समोरासमोर बसून बोलावंच लागतं, दुरुस्तीचा खर्च वाटून घेऊन भाडं वाढवणं हा मार्ग कोर्टापेक्षा लवकर निघतो, वर्षानुवर्षं चाललेले दावे मी बघितलेत, निकाल लागेपर्यंत भांडायला इमारतच उरत नाही.

दुसरं कारण वारस. आजोबांच्या नावावर मिळकत, पाच मुलं, त्यांची मुलं, एक आत्या बेळगावला, एक चुलतभाऊ अमेरिकेत. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, अजून आजोबाच आहेत. बँक कर्ज देत नाही, परवानगी मिळत नाही, कोणी एकानं पैसे घालायचे तर उद्या सगळे हिस्सा मागणार. ह्याला कुठलीही सरकारी योजना उपाय नाही, घरातच बसून मिटवायला लागतं.

आता पूर, कारण सांगलीचं वेगळेपण तिथं आहे आणि तुमच्या वडिलांचा निर्णय खरं तर तिथंच अडलाय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फूट झालं की इशारा, 45 ला धोका. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 54 च्या वर. 2005 धरला तर सोळा वर्षांत तीन मोठे पूर. कापडपेठ, मारुती रोड, हरभट रोड, स्टेशन चौक, सगळीकडं पाणी होतं, नगर वाचनालयातली किती जुनी पुस्तकं गेली ते आठवलं की अजून वाईट वाटतं. असं असताना तिथं का थांबायचं हा वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

माझं म्हणणं, पूर आहे म्हणूनच वरचा मजला महत्त्वाचा आहे. आणि म्हणूनच, बिल्डर येऊन पाडून नवीन बांधू म्हणाला तर सही करायच्या आधी एक नियम समजून घ्या. नदीपासून निळ्या पूररेषेपर्यंत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेपर्यंत, नवीन बांधकामाला बंदी आहे. तिथल्या जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास करता येतो, पण जलसंपदा खात्याची ना हरकत लागते आणि बांधकाम लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट, वर असावं लागतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्येही उंचीची तीच अट आहे. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. पेठेत जिथं ती पातळी रस्त्यापासून सहासात फूट वर येते तिथं ह्याचा अर्थ काय होतो बघा, खाली नुसते खांब आणि पार्किंग, आणि दुकान आठ फूट वर! साडी बघायला बाई जिना चढून येणार नाही. एका रांगेत अशा चार इमारती झाल्या की रस्त्याच्या त्या बाजूला सलग दुकानं राहत नाहीत, चालणारा माणूस तिथून परत फिरतो. नियम चुकीचा नाही, नवीन बांधायचं तर तसंच बांधलं पाहिजे. पण जी इमारत उभी आहे, जिचं खोड चांगलं आहे, ती पाडणं म्हणजे रस्त्याला लागून असलेलं दुकान हातानं घालवणं. म्हणून पेठेपुरतं मी प्रत्येकाला सांगतो, पाडू नका, दुरुस्त करा.

दुरुस्ती करताना खालचा मजला पाण्यात जाणार हे धरूनच करायचा. आपल्याकडं पूर ओसरला की लगेच सिमेंटचा गिलावा मारून, प्लायवूड ठोकून, पीओपीचं छत करून दुकान आधीपेक्षा चकाचक करतात. जुन्या भिंती पांढऱ्या मातीत रचलेल्या विटांच्या आहेत, त्यांना आत ओढलेली ओल बाहेर सोडायला महिने लागतात. वर सिमेंट थापलं की ओल आतच राहते, वर चढते, आणि तुळईचं टोक जिथं भिंतीत बसलंय तिथं कुजवते. दोन वर्षांनी मजला खचतो आणि लोक म्हणतात पुरानं गेला. चुन्याचा गिलावा करा, गवंडी मिळत नाही असं नाही, शोधला तर मिळतो, आणि गिलाव्याआधी भिंत किमान एक उन्हाळा उघडी ठेवा. खाली शहाबादी किंवा कडाप्पा, लोखंडी रॅक चाकांवर, लाकडी काहीच नाही. मीटर आणि वायरिंग 2019 च्या खुणेच्या वर. खाली फक्त दाखवायचा माल, साठा वर. आणि आयर्विनला किती फूट झालं की आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं हा आकडा भिंतीवर रंगवून ठेवा, प्रत्येक दुकानाचा वेगळा असतो. पुलावरची पातळी प्रशासन तासातासाला कळवतं, पण स्वतःचा आकडा माहीत नसेल तर त्या माहितीचा उपयोग काय? 2019 ला अनेकांनी 2005 च्या अंदाजानं माल माळ्यावर टाकला आणि माळ्यासकट गेला. वर पूर्ण मजला चालू स्थितीत असता, नीट रुंद जिना असता, तर चार माणसांनी एका रात्रीत दुकान वर नेलं असतं. आणि वर कोणी राहत असेल तर इशारा मिळाल्या मिळाल्या हात लावणारं माणूस जागेवर असतं, विश्रामबागहून मालक यायच्या आत.

रस्त्याबद्दल थोडंच लिहितो. पार्किंगची ओरड सगळे करतात, पण सकाळी अकराला कापडपेठेत उभं राहून मोजा, दुकानांसमोरच्या गाड्या बहुतेक दुकानदारांच्या आणि कामगारांच्याच असतात, सकाळी लावलेल्या रात्री हलतात. त्याच एका गाडीच्या जागेत अर्ध्याअर्ध्या तासाला गिऱ्हाईक बदललं तर दिवसात वीस माणसं थांबून खरेदी करतील. व्यापाऱ्यांनी ठरवलं तर आपल्या गाड्या लांब लावून हे उद्यापासून होऊ शकतं, पालिकेची वाट बघायची गरज नाही. पालिकेकडं मागायचंच असेल तर मी आधी बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेली, दिवसभर उघडी स्वच्छतागृहं मागीन. एसटी स्टँड पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ही गोष्ट शंभर फुटीला कधीच मिळणार नाही, आणि मार्च 2023 पासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे. दिग्रज, कवठे पिरान, समडोळीहून बाई सकाळी येते, लग्नाचा बस्ता असेल तर पाचसहा तास काढते, आणि तिला जायला जागा नाही म्हणून ती पाणीसुद्धा पीत नाही आणि अर्ध्या खरेदीत परत जाते. हे दुकानदारांना माहीत आहे, बोलत कोणी नाही.

फेरीवाल्यांना हाकलून पेठ सुधारेल असं मला वाटत नाही. गर्दी आणतात तेच. 2014 चा कायदा आहे, त्यात शहर फेरीवाला समिती आहे, तिथं बसून कुठं बसायचं आणि कुठं नाही हे ठरवता येतं. डीपीतल्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातल्या, रस्तारुंदीच्या रेषेचा सोक्षमोक्ष मात्र पालिकेनं लावलाच पाहिजे, करणार असाल तर करा, नाहीतर रेषा काढून टाका. ती कागदावर लटकत राहिली की मालक ना दुरुस्ती करतो ना कोणाला भाड्यानं देतो.

सुशोभीकरणाबद्दल लोक दिल्लीच्या चांदणी चौकाचं उदाहरण देतात. 2021 ला तिथं लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता दिवसा गाड्यांना बंद केला, दगडी फरशी, बाक, झाडं. चालायला चांगलं झालंय. पण आजूबाजूच्या हवेल्यांमधलं राहतं घर जाऊन गोडाऊन होणं त्यानं थांबलेलं नाही. अहमदाबादच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांमध्ये, वेगळा प्रयत्न झाला, वारसा घर जपणाऱ्या मालकाला टीडीआर दिला, म्हणजे दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क, तो विकून दुरुस्तीला पैसे उभे करता येतात. आपल्याकडं मला हा दुसरा मार्ग हवाय, आणि तो देताना अट एकच असावी, वरचा मजला राहता पाहिजे आणि त्याला रस्त्यावरून किंवा बोळातून स्वतंत्र जिना पाहिजे. सांगलीत गिऱ्हाईक नाही असं कोण म्हणेल? सिव्हिल हॉस्पिटलच्या नर्सेस आणि शिकाऊ डॉक्टर, दुकानांत काम करणारी पोरं, नवीन लग्न झालेली जोडपी, ह्यांना चालत कामावर जाता येईल अशी छोटी घरं हवीच आहेत.

तुमच्या दुकानाबद्दल. आत्ता विकलंत तर किंमत पडूनच मिळेल, कारण घेणारा पूर, वारस आणि भाडेकरू तिन्हीचा हिशोब वजा करून बोलणार. त्यातला पूर तुमच्या हातात नाही, वारसांचा प्रश्न मात्र तुमच्या हातात आहे. शंभर फुटीला तेवढ्या पैशात जो गाळा येईल तो मागच्या बाजूचा येईल, आणि तिथं तुम्ही नवे असाल, इथं लग्नाचा बस्ता तुमच्याकडं तिसऱ्या पिढीनं येतो. म्हणून थांबावं असं माझं मत आहे. अपवाद एकच, मोठ्या तुळया आणि दर्शनी भिंत गेलेली असेल आणि भावकी एकत्र येणार नसेल, तर विका, वाईट वाटून घेऊ नका.

थांबायचं ठरलं तर आधी सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढा आणि नावं बघा. वारस नोंद करून घ्या, ज्यांना हिस्सा नको त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्या, वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात त्याला मुद्रांक नाममात्र लागतो, मात्र ते रजिस्टर झालंच पाहिजे. ज्यांना हिस्सा हवाय त्यांना वरच्या मजल्याच्या भाड्यात वाटा लिहून द्या, दरमहा थोडे का होईना पैसे यायला लागले की भावकीचा सूर बदलतो असं मी बऱ्याच घरांत बघितलंय. मग दिवाळीनंतर, ओल कमी झाली की, स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन तुळयांची टोकं उकरून बघा, नुसतं वरून ठोकून बघणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि मागं बोळ असेल तर त्याची रुंदी मोजून मला कळवा. तीन फूट मोकळे मिळत असतील तर जिना तिथून काढता येईल, दुकानाची एक इंचही जागा जाणार नाही.